पाप दोघांचे, लाज एकीची

प्रस्तावना

तुरुंगाचे दार उघडते आणि एक तरुण बाई तीन महिन्यांचे तान्हे मूल उराशी धरून बाहेर येते. तिच्या झग्यावर, बरोबर छातीशी, लाल कापडाचे एक अक्षर शिवलेले आहे. त्याच्या कडेने सोनेरी कलाबतूची नक्षी आहे आणि ती तिने स्वतःच्या हाताने काढली आहे. बाजारचौकातल्या मचाणावर तिला तीन तास उभे राहायचे आहे आणि ते अक्षर मरेपर्यंत अंगावर वागवायचे आहे. गर्दीतल्या बायकांना ही शिक्षा फार हलकी वाटते. एकीचे म्हणणे, तापल्या लोखंडाने कपाळावर डाग द्यायला हवा होता. दुसरी तर हिला जगूच देऊ नका म्हणते. वरच्या सज्जात गव्हर्नर बसले आहेत, धर्मोपदेशक बसले आहेत. त्यांच्यातल्या सर्वांत तरुण आणि गावाच्या लाडक्या उपदेशकाला वडीलधारे सांगतात, तू समजाव हिला, मुलीच्या बापाचे नाव हिच्या तोंडून काढ. तो थरथरत्या आवाजात तिला विनवतो. ती नाव सांगत नाही. बाप तोच आहे.

नॅथॅनिएल हॉथॉर्नची ‘द स्कार्लेट लेटर’ ही कादंबरी १८५० साली प्रसिद्ध झाली. तिच्यातली गोष्ट त्याच्याही दोनशे वर्षे आधीच्या बोस्टनची, प्युरिटन लोकांच्या वसाहतीची. हेस्टर प्रिन ही तिची नायिका, आर्थर डिम्सडेल हा तो उपदेशक आणि पर्ल ही त्यांची मुलगी. पाप, लाज आणि बाईपण यांच्याविषयीच्या कथा-कादंबऱ्यांची चर्चा जगात कुठेही निघाली की या कादंबरीचे नाव आधी येते, आणि ते येणे योग्यच आहे. या पुस्तकात तिच्या शेजारी आपल्या मराठीतल्या काही कृती ठेवून वाचल्या आहेत. असे शेजारी ठेवणे ओढूनताणून केलेले नाही, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना जरा लांबली आहे.

हॉथॉर्नने ही गोष्ट हवेतून काढली नव्हती. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत व्यभिचाराला देहदंड होता. १६४४ मध्ये मेरी लॅथम नावाच्या एका अगदी तरुण बाईला आणि तिच्याबरोबर सापडलेल्या पुरुषाला खरोखरच फासावर चढवले गेले. पुढे १६९४ च्या कायद्याने फाशीऐवजी कपड्यावर अक्षर वागवण्याची शिक्षा आणली. त्यात अक्षराचा आकारही ठरवून दिला होता : दोन इंच उंच, आणि कपड्याहून वेगळ्या रंगाच्या कापडाचे, म्हणजे लांबूनही दिसावे. त्याच्या दोनच वर्षे आधी सेलम गावात चेटकाच्या आरोपावरून १९ जणांना फाशी झाली होती. त्यांत १४ बायका होत्या. त्या खटल्यांत आरोपींची उलटतपासणी घेणाऱ्या न्यायाधीशांपैकी जॉन हॅथॉर्न हा आपल्या लेखकाचा पूर्वज. घराण्याच्या या देण्याची जाणीव हॉथॉर्नला आयुष्यभर होती आणि कादंबरी वाचताना ती पानोपानी लागते.

मेरी लॅथमच्या खटल्यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. तिथे दोघेही फासावर गेले, म्हणजे कायद्याच्या पुस्तकात पाप दोघांचे होते. पण पुरुषाचे पाप शोधावे लागते आणि बाईचे पाप तिच्या पोटात वाढते. शोधणारे हात पुरुषांचेच असले की शोध कुठे थांबायचा हेही तेच ठरवतात. सगळी कादंबरी या एका फटीत उभी आहे. आणि ती फट आपल्याकडे किती रुंद होती, हे पाहायला बोस्टनला जाण्याची गरज नाही.

आता वर्ध्याविषयी, कारण हे पुस्तक मुख्यतः इथल्याच वाचकांसाठी आहे. प्युरिटन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काळ्या झग्यातली, कपाळाला आठ्या घातलेली, निर्दय माणसे येतात. मला हे चित्र अपुरे वाटते, आणि वर्ध्याच्या वाचकाला ते अपुरे वाटायलाच हवे. प्युरिटन माणसे ध्येयवादी होती. स्वतःचे घरदार सोडून, समुद्र ओलांडून ती एक स्वच्छ, देवाला मान्य होईल असा समाज उभारायला निघाली होती. १६३६ साली, म्हणजे पोटभर अन्नाची खात्री नसतानाच, त्यांनी हार्वर्डचे विद्यालय काढले. साधे कपडे, कष्ट, प्रार्थना, आत्मपरीक्षण आणि एकमेकांच्या आचरणावर एकमेकांची नजर, असे त्यांचे जगणे होते. माणसे वाईट होती म्हणून हेस्टरला मचाणावर उभे केले, असे म्हटले की आपली सुटका होते. त्यांना मनापासून चांगले व्हायचे होते, आणि चांगुलपणाची ती आच त्यांनी एका बाईच्या अंगावर विझवली. हे जास्त अवघड सत्य आहे.

ध्येयवादी समाज म्हणजे काय हे आपल्या जिल्ह्याने जवळून पाहिले आहे. गांधीजी आधी वर्ध्याच्या मगनवाडीत राहिले, १९३६ मध्ये शेगावला म्हणजे आजच्या सेवाग्रामला गेले. आश्रमाच्या अकरा व्रतांत ब्रह्मचर्य होते, अस्वाद होता, अपरिग्रह होता. पहाटेची प्रार्थना, सूत, भंगीकाम, शिळ्या-ताज्याचा हिशेब, मनात आलेल्या विकाराचीही कबुली. या परिसरात बायकांना जे मिळाले ते थोडे नव्हते. जानकीदेवी बजाजांनी पडदा सोडला, अंगावरचे दागिने उतरवले आणि त्या सभांतून बोलू लागल्या. महिलाश्रमातून शिकलेल्या मुली गावोगाव गेल्या, बायका तुरुंगात गेल्या. घराचा उंबरा ओलांडणारी बाई बिघडली असे ज्या समाजात सहज म्हटले जाई, तिथे आश्रमाच्या शिस्तीने तिला घराबाहेर पडण्याची प्रतिष्ठा दिली. हे ऋण मोठे आहे आणि ते मान्य केल्याशिवाय पुढचे बोलण्याचा अधिकार नाही.

पण पुढचे बोलायलाही हवे. दक्षिण आफ्रिकेतल्या टॉलस्टॉय फार्मवरची एक घटना गांधीजींनी स्वतःच लिहून ठेवली आहे. तिथे मुले-मुली एकत्र राहत, झऱ्यावर एकाच वेळी आंघोळीला जात. एकदा कुणा पोराने दोन मुलींची छेड काढली. गांधीजींना रात्रभर झोप आली नाही. पाप्याच्या नजरेला जरब बसावी, आपण सुरक्षित आहोत असे मुलींना वाटावे, असे काय करता येईल याचा ते विचार करत राहिले. सकाळी त्यांनी मुलींना सुचवले की तुमचे लांब केस मला कापू द्या. मुली आधी तयार नव्हत्या, फार्मवरच्या वयस्क बायकांनाही ते पटेना. शेवटी सगळ्यांनी मान्य केले आणि गांधीजींनी ते केस आपल्या हाताने कापले. परिणाम चांगला झाला, असे त्यांनी नमूद केले आहे. यात दुष्टपणाचा लवलेश नाही. मुलांनाही त्यांनी समज दिली होती. तरीही प्रसंगाचा हिशेब मांडला तर नजर मुलाची होती आणि केस मुलींचे गेले.

१९३८ च्या डिसेंबरात, सेवाग्रामच्या काळात, ‘हरिजन’मध्ये त्यांनी एका पंजाबी विद्यार्थिनीच्या पत्राला उत्तर दिले. रस्त्यात पोरे त्रास देतात, आम्ही काय करावे, हा तिचा प्रश्न होता. उत्तरात तिला धीर होता, तरुणांची निंदा होती आणि त्याबरोबरच आधुनिक मुलीवर एक ठपकाही होता : ती ऊन-पावसापासून अंग झाकायला कपडे घालत नाही, लोकांचे लक्ष वेधायला घालते. यावर कलकत्त्याच्या अकरा मुलींनी मिळून त्यांना निषेधाचे पत्र पाठवले. तक्रार मुलीने करायची आणि दोषही तिच्याच पदरात पडायचा, ही गोष्ट त्यांना झोंबली होती. गांधीजींनी ते पत्र दडपले नाही, त्याची जाहीर दखल घेतली. मला त्या अकरा मुलींचा अभिमान वाटतो आणि त्यांचे पत्र लोकांसमोर येऊ देणाऱ्या संपादकाचाही. सेलमच्या न्यायासनासमोर उभ्या असलेल्या बायकांना अशी संधी कुणी दिली नाही. आपल्या आणि त्यांच्या शुद्धतेच्या ध्यासात फरक असेल तर तो इथे आहे.

पवनारला धाम नदीच्या काठी १९५९ साली विनोबांनी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केले. बायकांनी एकत्र राहून, शेतीत राबून, कुणा पुरुषाच्या आधिपत्याशिवाय साधना करावी अशी त्यामागची कल्पना होती. अध्यात्माचे दार बाईला आजवर अर्धेच उघडे होते, ही खंत विनोबा बोलून दाखवत. तिथे गेलेल्या भगिनींनी ब्रह्मचर्य स्वतः निवडले. व्रत आपण घेतो, डाग दुसरा लावतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसू शकतात. पांढरी खादी विधवेच्याही अंगावर होती आणि साधिकेच्याही. साधिकेला तिची मर्जी विचारली होती, विधवेला नव्हती. या पुस्तकातल्या प्रत्येक कथेत मी हाच प्रश्न शोधत गेलो : हिला कुणी विचारले होते का?

बोस्टनचा आणि आपला धागा याहूनही सरळ आहे. मराठी मुलखात पहिल्यांदा मिशनरी शाळा आणि छापखाना घेऊन आलेल्यांत अमेरिकन मराठी मिशन होते. ते पाठवणारी संस्था बोस्टनची, तिचे उपदेशक बहुतांशी न्यू इंग्लंडचे, म्हणजे प्युरिटनांच्याच वारशातले. गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरला. सिंथिया फॅरार ही अविवाहित शिक्षिका १८२७ मध्ये आली आणि पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवू लागली. जोतीराव फुल्यांनी तिथली शाळा पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. ज्या परंपरेने हेस्टरला मचाणावर चढवले, तिच्याच वंशजांनी सावित्रीबाईंच्या वर्गाचा रस्ता दाखवला. इतिहास एकाच रंगाचा नसतो, एवढे यावरून घ्यावे. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या तेव्हा त्यांच्या विधवागृहासाठी निधी उभारणारी संस्था निघाली तीही बोस्टनमध्येच.

मराठीतली पहिली कादंबरी मानली जाणारी बाबा पद्मनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची, म्हणजे ‘द स्कार्लेट लेटर’नंतर अवघ्या सात वर्षांनी आलेली. यमुना आणि तिचा नवरा प्रवासाला निघतात आणि वाटेत त्यांना एकामागून एक विधवा भेटतात : केशवपन झालेल्या, फसवल्या गेलेल्या, पोट पाडायला लावलेल्या, तीर्थक्षेत्री टाकून दिलेल्या. पुस्तकाचा धर्मप्रचाराचा हेतू उघड आहे आणि कथानक म्हणून ते विस्कळीत आहे. पण मराठी कादंबरीने पहिला डोळा उघडला तो विधवेच्या लाजेवर, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

हेस्टरच्या छातीवर लाल कापडाचा एक तुकडा होता. आपल्याकडे सोवळ्या ब्राह्मण विधवेला डोक्यापासून पायापर्यंत लाल अलवणात गुंडाळत. हेस्टरने काही केले होते, निदान त्या समाजाच्या लेखी. या बाईने काहीच केले नव्हते. तिचा नवरा मेला होता. दर काही दिवसांनी न्हाव्यापुढे डोके द्यायचे, पदर कपाळापर्यंत ओढायचा, मंगलकार्यात समोर यायचे नाही, आणि घरातल्या सगळ्यांच्या आधी उठून सगळ्यांची धुणी-भांडी करायची. हॉथॉर्नने लिहिले आहे की हेस्टरची सुई सगळ्या गावाला हवी होती. गव्हर्नरची झालर तिने शिवावी, मेलेल्याच्या कफनावर तिने नक्षी काढावी. नवरीची ओढणी मात्र तिच्या हाती कुणी दिली नाही. हे वाचताना मला आपल्या लग्नघरातल्या मागच्या खोलीत अनारसे तळणारी अलवणातली आत्या दिसते. तिच्या हाताचे सगळ्यांना चालते, फक्त ती मांडवात चालत नाही. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांची डोकी करायला नकार दिला. त्याच सुमारास हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः येऊ लागली आणि यमू स्वतःच्या तोंडाने आपली हकीकत सांगू लागली. विधवेची गोष्ट आता दुसऱ्याने पाहून सांगायची राहिली नव्हती.

पण त्याच्याही आधी आपल्या विदर्भातली एक बाई बोलून गेली होती. १८८१ मध्ये सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. नंतर ती कमी झाली. खटला गाजला, वर्तमानपत्रांतून बायकांच्या बदफैलीपणावर लिहून येऊ लागले. मुलाचा बाप कोण, हे विचारायचे फारसे कुणाला सुचले नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांना ते सुचले. १८८२ मध्ये त्यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापली. बायकांवर जे दुर्गुण लादता ते तुमच्यात कमी आहेत का, बायको मेली की तुम्ही दुसरी करता मग नवरा मेल्यावर तिने काय पाप केले, तिला मोहात कुणी पाडले आणि पोट वाढल्यावर पळून कोण गेले, असे सवाल त्या थेट तोंडावर फेकतात. भाषा घरच्या भांडणाची आहे, तिखट, थांबा न घेणारी. वाचताना असे वाटते की ही बाई ओसरीवर उभी राहून सगळ्या गावाला ऐकवते आहे.

या पुस्तकाच्या दृष्टीने आणखी महत्त्वाची गोष्ट म्हणजे ताराबाईंनी त्या काळच्या कादंबऱ्या-नाटकांनाही सोडले नाही. गोष्टी लिहिणारे पुरुष बायकांना कशा रंगवतात, कोणत्या बाईला कुलटा ठरवतात, कोणत्या पुराणातल्या देवाचे काय झाकून ठेवतात, हे त्या एकेक काढून दाखवतात. मराठी कथात्म साहित्यातल्या पाप-लाजेची पहिली समीक्षा एका बुलढाण्याच्या बाईने लिहिली, असे म्हणायला मला संकोच वाटत नाही. जोतीरावांनी ‘सत्सार’मधून तिची बाजू घेतली. त्यानंतर पुस्तक जवळजवळ विस्मृतीत गेले, १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणले. मधली नव्वद वर्षे आपल्या समीक्षेने ताराबाईंशिवायच काढली.

जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते, १८७५ मध्ये पंढरपुरातही असे गृह निघाले. पुण्याच्या गृहात बाळंत झालेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत फुल्यांनी दत्तक घेतला. हॉथॉर्नच्या कादंबरीत एक प्रसंग आहे. पर्लला आईपासून काढून घ्यावे असे गावाच्या कारभाऱ्यांच्या मनात येते आणि हेस्टर गव्हर्नरच्या घरी जाऊन मुलीसाठी झगडते. बोस्टनच्या शहाण्यांना वाटत होते की पापी आईजवळ मूल बिघडेल. पुण्यात त्या जोडप्याने आईला मूल जगवण्याची जागा दिली आणि मुलाला आपले नाव दिले. कादंबरीकाराला जे सुचले नाही ते या दोघांनी करून दाखवले.

पुढचा टप्पा १९३० नंतरचा. विभावरी शिरूरकर या टोपणनावाने १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ आले आणि महाराष्ट्र खवळला. लिहिणारी बाई कोण, याचा शोध सुरू झाला. कथांत काय होते? शिकलेल्या, कमावत्या, लग्न न झालेल्या मुलींची कुचंबणा, त्यांच्या मनातली आणि शरीरातली ओढ. पुढच्याच वर्षी ‘हिंदोळ्यावर’ आली. तिची नायिका अचला नवऱ्यापासून दुरावलेली आहे, दुसऱ्या पुरुषावर प्रेम करते आणि लग्नाबाहेरचे मूल तिला हवे असते. हेस्टरला पर्ल झाली. अचला आई होणे निवडते. या फरकासाठी ही कादंबरी वाचावी, तिच्या शैलीतला भावुकपणा आज जुना वाटला तरी. लेखिका मालतीबाई बेडेकर, हे पुढे उघड झाले. ज्या बाईने लाजेविषयी लिहिले तिलाच आधी आपले नाव लाजेसारखे लपवावे लागले.

वाशीमच्या गीता साने यांनी नाव लपवले नाही. नागपुरात विज्ञान शिकलेल्या या बाईंनी १९३६ च्या एका वर्षात ‘निखळलेली हिरकणी’ आणि ‘वठलेला वृक्ष’सारख्या कादंबऱ्या दिल्या आणि विवाहसंस्थेलाच कोर्टात उभे केले. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला आलेली जागा अगदी तोकडी आहे. विदर्भातल्या विद्यापीठांनी तरी ही भरपाई करायला हवी होती. गांधींच्या सहवासात घडलेल्या प्रेमा कंटकांनीही ‘काम आणि कामिनी’ ही कादंबरी लिहिली. व्रतस्थ जीवनाच्या आतून आलेल्या बाईने हा विषय हाती घ्यावा, हेच पुरेसे बोलके आहे.

या सगळ्यानंतर मी विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकाकडे येतो, कारण प्युरिटन समाजाची सर्वांत धारदार मराठी कथा तीच आहे. १९६७ साली रंगायनने ते रंगमंचावर आणले, दिग्दर्शक अरविंद देशपांडे आणि बेणारेच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. हौशी नटांची टोळी एका गावी प्रयोगाला आलेली आहे, वेळ घालवायला ते खोटा खटला मांडतात आणि आरोपी म्हणून शिक्षिका लीला बेणारेला उभे करतात. आरोप भ्रूणहत्येचा. नाटकाच्या सुरुवातीलाच दाराच्या कडीत बेणारेचे बोट चेमटते. तेव्हा ती ते हसण्यावारी नेते. खेळ रंगत जातो, थट्टेतून तिचे खरे आयुष्य उकरले जाते, ती गरोदर आहे हे उघड होते. ती दाराकडे धावते, तर तीच कडी बाहेरून बसलेली. तिला फरफटत आरोपीच्या पिंजऱ्यात परत आणणारी व्यक्ती कोण? त्याच टोळीतल्या काशीकरबाई. बोस्टनच्या गर्दीतली, तापले लोखंड मागणारी ती बाई आठवावी. स्वतःच्या वाट्याला आलेले मन मारणे ज्यांनी पुण्य म्हणून जपले, त्यांना दुसरीचे जगणे सहन होत नाही. या बायकांविषयी मला राग येतो त्याहून अधिक दुःख होते.

मुलाचा बाप प्राध्यापक दामले. साऱ्या नाटकात तो येतच नाही, साक्षीला पुकारले तरी त्याची जागा रिकामी राहते. हॉथॉर्नच्या डिम्सडेलला सात वर्षे छातीत पाप जाळत राहते, शेवटी तो मचाणावर चढून सगळ्यांदेखत कबुली देतो आणि तिथेच मरतो. डिम्सडेलला देवाची भीती होती, दामल्याला कशाचीच नाही. खटल्यात न्यायाधीश झालेले काशीकर निकाल देतात तोही ऐकण्यासारखा आहे : बाई जगली तरी चालेल, पोटातले मूल नष्ट व्हायला हवे. भ्रूणहत्येचा आरोप ठेवून सुरू झालेला खटला भ्रूणहत्येच्या शिक्षेवर संपतो. त्या न्यायासनावर बसलेल्या एकालाही यातली विसंगती दिसत नाही.

कायद्याचे म्हणाल तर १८६० च्या दंडसंहितेचे कलम ४९७ व्यभिचारात फक्त पुरुषाला गुन्हेगार धरत असे, बाईला नाही. ऐकायला उदार वाटते. पण त्यामागे बायको ही नवऱ्याची मालमत्ता हीच समजूत होती. नवऱ्याची संमती असली की गुन्हाच घडत नसे. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी ते रद्द केले. दीडशेहून अधिक वर्षे कायदा बाईला सोडत होता आणि गाव तिला धरत होते. पोरीचे पाऊल वाकडे पडले, तोंड काळे केले, चार माणसांत नाक कापले, ही भाषा न्यायालयात शिकवली जात नाही. ती चुलीपाशी आणि पारावर शिकवली जाते, आणि मुलाच्या बाबतीत ती कुणी वापरत नाही.

वर्ध्यात ही भाषा इतिहासजमा झाली आहे असे समजू नये. २०१० मध्ये इथल्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाच्या तेव्हाच्या कुलगुरूंनी एका हिंदी मासिकाच्या मुलाखतीत, आपल्या आयुष्याविषयी आणि शरीराविषयी मोकळेपणाने लिहिणाऱ्या लेखिकांसाठी चारित्र्यावरचा गलिच्छ शब्द वापरला. देशभरातून निषेध झाला आणि त्यांना माफी मागावी लागली. गांधींच्या नावाच्या विद्यापीठाच्या प्रमुखाला, लिहिणाऱ्या बाईविषयी बोलताना तोच शब्द जिभेवर यावा, याचे शल्य इथल्या अनेक वाचकांना आजही आहे. आणि ३ फेब्रुवारी २०२० रोजी हिंगणघाटला कामावर निघालेल्या तरुण प्राध्यापिकेला एका माणसाने भर रस्त्यात पेटवून दिले. आठवड्याने ती गेली. आरोपीला पुढे जन्मठेप झाली. तिचा अपराध काय, तर नकार. जिचा होकार पाप ठरतो तिचा नकारही अपराध ठरतो, कारण दोन्हींत तिची इच्छा दिसते. कथा-कादंबऱ्यांतल्या या बायका आपल्यापासून फार लांब नाहीत, म्हणून हे लिहिले.

हे पुस्तक मुख्यतः आपल्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत साहित्य शिकणाऱ्या मुला-मुलींसाठी आहे. हॉथॉर्नची कादंबरी अभ्यासाला लागते तेव्हा वर्गात अक्षराचे प्रतीक, जंगलाचे प्रतीक, पर्लचे प्रतीक असे मुद्दे काढून दिले जातात आणि परीक्षा पार पडते. प्रतीके शिकावीत, पण त्याआधी गोष्ट वाचावी. तिथे एक बाई मूल घेऊन उन्हात उभी आहे आणि तिचा माणूस वर सावलीत बसला आहे, हे आधी दिसू द्यावे. मुलांना माझे विशेष सांगणे आहे. हेस्टरविषयी दया वाटणे सोपे आहे. डिम्सडेलच्या जागी स्वतःला ठेवून पाहणे अवघड आहे, आणि या कथा खरे तर तुमच्यासाठी लिहिल्या गेल्या आहेत. मुलींना सांगतो, काशीकरबाईंवरची पाने गाळू नका.

आणि एक विनंती. या पुस्तकाची पुढची प्रकरणे उघडण्याआधी ताराबाईंची ‘स्त्रीपुरुष तुलना’ मिळवून वाचा. लहानसे पुस्तक आहे, एका बैठकीत होते. तुमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ते नसेल तर ग्रंथपालांकडे लेखी मागणी द्या आणि ते येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.